वायफाय फुल, नेट गुल: नवा केबल मोडेम आणि जुना राउटर जुळत नसतील तेव्हा

केबलवाल्याने नवा मोडेम बसवला, स्वतःच्या लॅपटॉपला वायर लावून स्पीड दाखवला आणि तो पुढच्या घरी गेला. तुम्ही तीच वायर घरातल्या राउटरला लावली. मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण, पण खाली बारीक अक्षरांत ‘इंटरनेट उपलब्ध नाही’. मग दोन्ही डबे बंद-चालू, पुन्हा बंद-चालू. कधीतरी नेट येतं, घरात सगळे कामाला लागतात, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पहिले पाढे पंचावन्न.

नाशिकमध्ये मे महिन्याच्या दुपारी आणि वळवाच्या पहिल्या सरीत विजेचा लपंडाव चालतोच, त्यामुळे ही तक्रार त्या दिवसांत फार ऐकू येते. इंदिरानगर असो, सिडको असो की जेलरोड, वर्णन एकच: ‘लाईट आली, पण नेट आलं नाही.’ केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो राउटर खराब आहे. राउटरच्या दुकानात गेलं तर ते म्हणतात लाइन खराब आहे. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. बिघाड दोघांच्या मधल्या बोलण्यात असतो, आणि तो ओळखायला राउटरच्या पानावरचा एक आकडा वाचता आला की पुरतं. कुणाला फोन करण्याआधी, काही विकत आणण्याआधी आणि रीसेटच्या छिद्रात टाचणी घालण्याआधी तो आकडा पाहा.

आधी एक खातरजमा. पुढचं सगळं गोल, जाड, काळ्या किंवा पांढऱ्या केबलवर चालणाऱ्या मोडेमबद्दल आहे, म्हणजे टीव्हीला येते तशी स्क्रूची पिन असलेली केबल. तुमच्याकडे दोऱ्यासारखी बारीक फायबर येत असेल तर सिग्नलचा भाग तुम्हाला लागू नाही, पण राउटरचं सगळं लागू आहे. आणि केबलवाला गच्चीवरून थेट लॅनची वायर सोडून गेला असेल, मोडेमच नसेल, तर पीपीपीओईबद्दल, म्हणजे युझरनेम-पासवर्डने चालणाऱ्या कनेक्शनबद्दल, खाली लिहिलंय ते आधी वाचा.

वॅन आयपी: हाच तो आकडा

वायफायच्या काड्या फक्त मोबाइल आणि राउटर यांचं नातं दाखवतात. राउटरच्या पुढे काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नाही. पुढचं कळायला राउटरच्या आत जावं लागतं. राउटर उलटा करून खालचं स्टिकर बघा. तिथे पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. मोबाइल त्याच वायफायवर ठेवून, मोबाइल डेटा बंद करून, ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका. पासवर्डही बहुतेक त्याच स्टिकरवर असतो, कुणी बदलला नसेल तर. आत गेल्यावर ‘स्टेटस’ नावाचं पान असतं आणि त्यात ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असा भाग. तिथला आयपी पत्ता कागदावर लिहून घ्या. लॅनचा, म्हणजे घराच्या बाजूचा, नको; वॅनचा, म्हणजे मोडेमच्या बाजूचा. दोन्ही एकाच पानावर असतात आणि घाईत लॅनचाच वाचला जातो.

तो सगळे शून्य असेल, म्हणजे ०.०.०.०, तर राउटरने हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. १९२.१६८.१००ने सुरू होत असेल तर मोडेमने स्वतःच तात्पुरता पत्ता हातावर टेकवला आहे. १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असेल तर तुमचा मोडेम नुसता मोडेम नाही, तोही एक राउटर आहे. आकडा १०ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तो केबल कंपनीने दिलेला पत्ता आहे आणि त्यात काही बिघडलेलं नाही. याखेरीज दुसरं काही दिसत असेल तर तो बहुधा खरा सार्वजनिक पत्ता असतो, म्हणजे मोडेम-राउटरची गाठ व्यवस्थित बसली आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा.

१०च्या किंवा १००च्या पत्त्याने बरेच जण उगाच धास्तावतात. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपत आले. आशिया-पॅसिफिकसाठीचा मोकळा साठा २०११च्या एप्रिलमध्येच शेवटच्या टप्प्यात पोहोचला होता. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, आणि त्यासाठी १००.६४चा पट्टा २०१२मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला. सिनेमा, शाळेचा क्लास, ऑफिसची मीटिंग यांना त्याने काही फरक पडत नाही. फक्त घरातल्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला बाहेरून थेट गाठायचं असेल तर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. त्यासाठी कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यायचा, नाहीतर कॅमेरा कंपनीचं क्लाउड अ‍ॅप वापरायचं.

शून्य दिसतंय

आधी मोडेमकडे बघा. ‘ऑनलाइन’ असं लिहिलेला दिवा स्थिर हवा. काही मोडेमवर तिथे गोल पृथ्वीचं चित्र असतं. तो लुकलुकत असेल तर मोडेमलाच अजून लाइन मिळालेली नाही. मग राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही, सिग्नलच्या भागाकडे जा. दिवा स्थिर असेल आणि तरी राउटरवर शून्य, तर आपल्याकडे दोन संशयित असतात.

पहिला म्हणजे जुनी सेटिंग. आपल्या शहरात पुष्कळ घरांत आधीचं कनेक्शन गच्चीवरून ओढलेल्या लॅनच्या वायरचं होतं. त्याला युझरनेम आणि पासवर्ड लागायचा, राउटरमध्ये ‘पीपीपीओई’ निवडलेलं असायचं. आता कॉक्स, म्हणजे टीव्हीसारखी जाड केबल आणि मोडेम आला, पण राउटर अजून जुन्याच युझरनेमने दार ठोठावतोय. केबल मोडेमच्या मागे बहुतेक ठिकाणी ‘डायनॅमिक आयपी’ लागतं, काही राउटरमध्ये त्याला ‘ऑटोमॅटिक आयपी’ किंवा ‘डीएचसीपी’ म्हणतात. वॅनच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढं बदला आणि सेव्ह करा. उलटंही होतं. काही केबलवाले मोडेमच्या मागेही पीपीपीओईच चालवतात, तेव्हा बदलण्याआधी एकदा विचारून घ्या आणि जुना युझरनेम लिहून ठेवा. माझ्या मते नव्या मोडेमच्या तक्रारींत ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, कारण केबलवाला राउटर उघडून बघत नाही आणि राउटर विकणाऱ्याला मोडेम बदललाय हे कुणी सांगत नाही.

दुसरा संशयित मॅक पत्ता. प्रत्येक लॅपटॉप, राउटर, टीव्हीच्या नेटवर्क पोर्टला जन्मतःच बारा खुणांचा एक क्रमांक मिळालेला असतो, ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं मिळून. केबल मोडेमला सहसा कंपनीकडून हुकूम असतो की मागे एकच उपकरण चालू द्यायचं. मोडेम चालू झाल्यावर पहिल्यांदा जो क्रमांक दिसतो तो त्याच्या ध्यानात बसतो. तुमच्या घरी पहिला कोण होता? केबलवाल्याचा लॅपटॉप. तुम्ही नंतर राउटर लावला, मोडेमच्या लेखी तो दुसरा, म्हणून त्याला आत घेतलं जात नाही. राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, मोडेम जोवर चालू आहे तोवर त्याची आठवण जात नाही.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. दोन्ही डबे बंद करा. बटणाने नाही, अ‍ॅडॉप्टर काढून. मोडेमला टेलिफोनसाठी आत बॅटरी असेल तर तीही काढा, नाहीतर तो बंद झालेलाच नसतो. दोन-तीन मिनिटं थांबा. मोडेमच्या मागे फक्त राउटरचीच वायर आहे ना, ती राउटरच्या वॅन पोर्टमध्येच आहे ना, हे पाहा. तो पोर्ट बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो. आता एकटा मोडेम चालू करा. ऑनलाइनचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, याला काही मिनिटं जातात. मगच राउटर चालू करा. बहुतेक घरांत इथेच काम होतं.

एवढं करूनही शून्यच राहिलं तर क्रमांक मोडेममध्ये नाही, कंपनीच्या यादीत अडकलाय. फोन करून ‘जुना मॅक काढा, नवा घ्या’ सांगायचं. सुट्टीच्या दिवशी कुणी फोन उचलत नसेल तर राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाची सोय असते, तिथे आधी चालत असलेल्या उपकरणाचा क्रमांक टाकता येतो. जुना राउटर घरात पडलेला असेल तर त्याच्या स्टिकरवरचा मॅक घ्या, तो सर्वांत बिनधोक. मात्र मग तो जुना राउटर त्याच जाळ्यात पुन्हा लावू नका. मोबाइलचा मॅक कधी क्लोन करू नका. हल्लीचे फोन वायफायला खरा क्रमांक दाखवतच नाहीत, दर नेटवर्कला नवा बनवून देतात.

१९२.१६८.१०० दिसतंय, आणि तेही लाईट गेल्यावरच

‘लाईट आली पण नेट नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक इथे असतं, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

लाईट आली की राउटर मिनिट-दीड मिनिटात तयार होतो. मोडेमला तसं जमत नाही. तो आधी केबलवर आपली फ्रिक्वेन्सी शोधतो, मग मुख्यालयातल्या यंत्राशी वर बोलायला किती ताकद लागेल ते जुळवतो, मग वेळ विचारतो, स्वतःची फाइल उतरवून घेतो आणि नोंदणी करतो. या सगळ्या रिवाजाला डॉक्सिस म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९७ची, अनेक चॅनल एकत्र जोडणारी ३.० ही २००६ची. आवृत्ती कुठलीही असो, मोडेमला चालू व्हायला राउटरपेक्षा जास्त वेळ लागतोच.

आता मधल्या काळात राउटर हाक मारतो, ‘मला पत्ता द्या.’ मोडेम अजून वर जोडलेला नाही. काही मोडेम अशा वेळी गप्प बसत नाहीत. त्यांचं स्वतःचं पान १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर असतं, ते पाहता यावं म्हणून ते राउटरला त्याच ओळीतला, जसं १९२.१६८.१००.१०, पत्ता देऊन मोकळे होतात. राउटर खूश. त्याच्या लेखी पत्ता मिळाला, काम झालं. हा पत्ता अगदी थोड्या वेळासाठीच असतो, त्यामुळे शहाणा राउटर तो संपला की पुन्हा विचारतो आणि खरा पत्ता घेतो. सगळे राउटर शहाणे नसतात. काही जुना पत्ता धरून बसतात. आणि जे मोडेम असा तात्पुरता पत्ता देतच नाहीत, त्यांच्या मागे काही राउटर थोडा वेळ विचारून थकतात आणि शून्यावर थांबतात. घरच्यांना दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

यात इन्व्हर्टरची एक गंमत आहे. आपल्याकडे बेडरूमचा पंखा आणि हॉलचे दिवे इन्व्हर्टरवर असतात, टीव्हीमागचा बोर्ड नसतो. मोडेम बहुतेक टीव्हीमागे, राउटर बेडरूममध्ये. लाईट गेली की मोडेम मरतो, राउटर जिवंत. लोकांना वाटतं राउटर तर चालूच होता, त्याला काय होणार? पण मोडेम चालू झाल्याबरोबर मधल्या वायरमध्ये जीव येतो, राउटर त्याच क्षणी नवा पत्ता मागतो, आणि तात्पुरता पत्ता पदरात पडतो.

त्या वेळेपुरता उपाय: मोडेमचा ऑनलाइन दिवा स्थिर झाल्यावर फक्त राउटर बंद-चालू करा. किंवा राउटरच्या वॅन पानावर ‘रिलीज’ आणि ‘रिन्यू’ ही बटणं असतात, ती एकामागोमाग दाबा, तेवढ्यानेही चालतं.

कायमचा उपाय म्हणजे दोघांना एकत्र ठेवणं. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, ज्यांची पिन सरळ राउटरमध्ये जाते. त्यांतला दोन पिनांचा घ्या आणि मोडेमही त्यावर टाका. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून यूपीएसवरच्या आकड्यांशी ताडून बघा. मोडेम ९ व्होल्टचा असेल आणि तुम्ही १२ दिलेत तर पुढचा लेख मोडेम जळण्यावर वाचावा लागेल. यूपीएस नको असेल तर दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या लाइनवर आणा. इलेक्ट्रिशियनला सांगून टीव्हीमागचा एक पॉइंट तिकडे वळवणं फार मोठं काम नाही. राउटरमध्ये ठरावीक पत्त्याकडून आलेला आयपी नाकारण्याची सोय असेल तर १९२.१६८.१००.१ तिथे लिहून टाका. पीएफसेन्ससारख्या राउटरच्या प्रणालीत ती आहे, घरगुती स्वस्त राउटरमध्ये सहसा नसते.

हे करूनही लाईट गेल्यावर नेट जात असेल तर घराबाहेर बघा. केबलवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर कुठेतरी जिन्यात, गच्चीवर किंवा खांबावर असतो आणि तो कुणाच्या तरी मीटरवर चालतो. तिथली लाईट गेली की तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी: त्याच केबलवर चालणारा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स इन्व्हर्टरवर लावून बघा. तोही ‘सिग्नल नाही’ म्हणाला तर दोष घरातला नाही.

फायबरवाल्यांसाठी एक इशारा. फायबरच्या काही डब्यांचा नेहमीचा पत्ताच १९२.१६८.१००.१ असतो. तिथे हा आकडा म्हणजे तात्पुरता पत्ता नव्हे. तुमचं निदान पुढच्या भागात आहे.

१९२.१६८.१ दिसतंय: एका घरात दोन कारभारी

नवा मोडेम स्वतःच वायफाय देतो का? त्याला मागे चार लॅन पोर्ट आहेत का? मग तो राउटरसुद्धा आहे. त्याच्या मागे तुम्ही आपला राउटर लावलात की घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला कळत नाही की हा पत्ता माझा की समोरच्याचा, आणि नेट अडतं. काही राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात. मग तुम्हाला वाटतं की राउटरचं पानच हरवलं.

इथे तीन वाटा आहेत. तुमच्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५.१ करून टाकला तर टक्कर मिटते आणि नेट सुरू होतं, पण पत्त्यांचं भाषांतर दोनदा होत राहतं. साध्या वापरात ते जाणवत नाही. ऑनलाइन गेम, कॅमेरे आणि एखादा हट्टी ऑफिस व्हीपीएन मात्र कुरकुरतात. दुसरी वाट म्हणजे मोडेमला ‘ब्रिज मोड’मध्ये टाकणं. मग तो मुका मोडेम होतो आणि सगळा कारभार तुमच्या राउटरकडे येतो. तांत्रिकदृष्ट्या हे सर्वांत स्वच्छ. पण बहुतेक ठिकाणी हा बदल कंपनीच्याच हातात असतो, आणि मोडेम कधी बदलला किंवा रीसेट झाला की सगळं पुन्हा करावं लागतं.

तिसरी वाट मला बहुतेक घरांसाठी बरी वाटते: आपल्या राउटरला नुसता वायफायचा खांब बनवायचं. त्यात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल तर राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा, आणि मोडेमकडून येणारी वायर वॅनमध्ये न लावता लॅनच्या एखाद्या पोर्टात लावा. मोडेमचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर राउटरलाही त्याच ओळीतला, १९२.१६८.०.२ द्या. पंचवटीतल्या जाड भिंतींच्या वाड्यांत किंवा दुमजली बंगल्यात ही रचना फार सोयीची पडते. मोडेम हॉलमध्ये, राउटर वरच्या मजल्यावर, दोघांच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच. फोन फिरता फिरता स्वतःच बदलून घेतो.

पत्ता बरोबर, तरी नेट तुटतं

इथून मोडेमकडे वळू. त्याचं स्वतःचं पान राउटरमधूनही बहुधा दिसतं: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. सगळ्या कंपन्या ते उघडं ठेवत नाहीत, पण ठेवलं असेल तर सोन्याहून पिवळं. त्यातल्या तीन गोष्टी पाहायच्या. डाउनस्ट्रीम, म्हणजे खाली येणाऱ्या सिग्नलची पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असावी. नियमात उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण टोकाला गेलेली लाइन पावसाळा काढत नाही. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तो ३३ डीबीच्या पुढे असावा. आणि अपस्ट्रीम, म्हणजे वर जाणाऱ्या सिग्नलची पॉवर साधारण ३५ ते ४९. ती पन्नाशीच्या वर असेल तर मोडेम घसा ताणून ओरडतोय, म्हणजे वाटेत कुठेतरी सिग्नल गळतोय. त्याच पानावर नोंदींचा भाग असतो. तिथे ‘टी३ टाइमआउट’ म्हणजे मोडेम बोलला पण उत्तर आलं नाही. ‘टी४’ म्हणजे वरून हाक येण्याची त्याने सुमारे अर्धा मिनिट वाट पाहिली, ती आलीच नाही, आणि त्याने सगळी नोंदणी पहिल्यापासून सुरू केली. घरात तेवढ्यात मीटिंग तुटलेली असते.

गळती बहुतेक पिनेत नाहीतर स्प्लिटरमध्ये असते. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डीबी खातो, चार तोंडांचा सुमारे सात. टीव्हीसाठी कधीकाळी लावलेले स्प्लिटर एकामागे एक साखळीत असतात आणि त्यांची एक-दोन तोंडं रिकामी असतात. घरात शिरणाऱ्या केबलला पहिला स्प्लिटर दोन तोंडांचाच ठेवा, एक तोंड सरळ मोडेमला, दुसऱ्यावर सगळे टीव्ही. स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं हवं. मोडेम वर बोलतो तो अगदी खालच्या, ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यात, आणि जुने टीव्हीचे स्प्लिटर तिथे बहिरे असतात. टीव्हीचा जुना बूस्टर तर मोडेमच्या वाटेत नकोच. तो खाली येणारं वाढवतो आणि वर जाणारं अडवतो.

पावसाळ्यात बाहेरच्या पिना बघा. तांब्याच्या तारेवर हिरवट थर किंवा पिनेच्या आत पांढरी भुकटी दिसली तर पाणी आत गेलंय. ती पिन पुसून भागत नाही, कापून नवी बसवायची. खिडकीतून आत येणारी केबल आधी थोडी खाली झोळ खाऊन मग वर चढावी, म्हणजे पाणी झोळातून टपकून जातं, केबलवरून घरात येत नाही. उन्हाळ्याची वेगळी तऱ्हा. केबल तापली की तिच्यातला सिग्नल थोडा जास्त विरतो. काठावरची लाइन सकाळी चालते आणि दुपारी दोनला पडते. नेट ठरावीक वेळीच जातंय असं वाटलं तर त्या वेळचे आकडे आणि सकाळचे आकडे शेजारी लिहून ठेवा.

एक गोष्ट सोसायट्यांनी ध्यानात घ्यावी. सैल पिनेतून बाहेरचा गोंगाट केबलमध्ये शिरतो आणि वर जाणाऱ्या पट्ट्यात सगळ्यांचा गोंगाट एकत्र होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये लोंबकळणारी उघडी केबल पाचव्या मजल्यावरचं नेट पाडू शकते.

उरलेलं थोडक्यात. शंभर एमबीपीएसच्या पुढचा प्लॅन घेतला आणि स्पीड ९४च्या आसपास अडकला, तर मोडेम-राउटरमधली वायर बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात. आठांतली एखादी पिनेत सुटली की दोन्ही डबे गुपचूप शंभरावर उतरतात. राउटरचे पोर्टच शंभरचे असतील तर वायर बदलूनही उपयोग नाही, डब्यावर ‘गिगाबिट’ लिहिलंय का ते पाहा. वॅनचा पत्ता बरोबर आहे पण नावाने एकही साइट उघडत नाही, तर बहुधा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, बिघडलीय. राउटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहा. पीपीपीओईवर काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, तेव्हा राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्याचा आकार, १४९२ आहे का बघा. लॅपटॉप वायरने राउटरला लावल्यावर सगळं मस्त आणि वायफायवर रडगाणं, तर हा विषय मोडेमचा नाहीच. २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा निवडा, जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा.

फोनवर काय बोलायचं

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर ‘राउटर बंद-चालू करा’ एवढंच उत्तर येतं. आकडे सांगितले की बोलणं बदलतं. इंदिरानगरच्या एका काकूंनी केलेला फोन नमुन्यादाखल घ्या:

‘भाऊ, मोडेमचा ऑनलाइन दिवा स्थिर आहे. राउटर डायनॅमिक आयपीवर आहे. दोन्ही अ‍ॅडॉप्टर काढून पुन्हा लावले, तरी वॅनला शून्य येतंय. लॅपटॉप लावला की चालतं.’

‘मग काकू, राउटरचा मॅक सांगा. जुना काढून तो टाकतो.’

‘सांगते, लिहून घ्या. आणि टाकला की मला कळवा, मी तेव्हाच मोडेम बंद-चालू करते.’

एवढ्यात काम झालं, माणूस घरी यावा लागला नाही. सिग्नलची तक्रार असेल तर डाउनस्ट्रीम, अपस्ट्रीम आणि एसएनआर हे तीन आकडे आणि टी३-टी४च्या नोंदींचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. अपस्ट्रीम ५२ आहे असं सांगणाऱ्या ग्राहकाला राउटर बदलायला सांगणं अवघड जातं.

आणि राउटरच्या मागच्या बारीक छिद्रातलं रीसेट अगदी शेवटी. त्याने पीपीपीओईचा युझरनेम, वायफायचं नाव, क्लोन केलेला मॅक सगळं पुसलं जातं. ज्या घरात पासवर्ड कुणाकडेच लिहिलेला नाही, तिथे दुपारचा प्रश्न रात्रीपर्यंत लांबतो. दाबायचंच असेल तर आधी वॅनच्या पानाचे मोबाइलने फोटो काढून घ्या, किंवा राउटरच्या ‘बॅकअप’ पर्यायातून सेटिंगची फाइल उतरवून ठेवा.